जन्मभराचं तेल

गाडीला उचकी लागते हे सगळ्यात आधी माझ्या बहिणीच्या लक्षात आलं. आणि माझ्या बहिणीला ऐकू येत नाही.

आक्का देडतलाईला राहते. माझ्याहून मोठी. कान दोन्ही गेलेले, बाकी सगळं शाबूत, जीभ तर कालच घेतल्यासारखी. तिच्याशी फोनवर बोलायची सोय नाही. म्हणजे बोलता येतं. तिची सून फोन तिच्या कानाला लावते, मी इकडून सगळी गल्ली गोळा होईल इतक्या जोरात ओरडते, आणि आक्का तिकडून म्हणते, "हो हो, चांगलं झालं." एकदा मी सांगितलं, आमचे हे जिन्यावरून घसरले, पाठीला मुका मार लागलाय. ती म्हणाली, "हो हो, चांगलं झालं, देवानं ऐकलं." हे शेजारीच पाठीला शेक घेत बसले होते आणि फोन स्पीकरवर होता. त्या दिवसापासून मी फोन सोडला आणि गाडी धरली. आक्कासमोर बसायचं, तोंड तिच्याकडे करायचं, सावकाश बोलायचं, की ओठांवरून तिला सगळं समजतं. जे समजू नये ते तर आधी समजतं.

बस आहे की, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. म्हणणाऱ्यातला एकही बसने जात नाही. बसची पहिली पायरी जमिनीपासून किती वर असते हे धड गुडघ्यांच्या माणसाला कधी दिसत नाही. मला ती माळ्याइतकी दिसते. माझा डावा गुडघा वाकतो, नाही असं नाही, पण त्याच्या मर्जीने वाकतो, आणि त्याच्या मर्जीसाठी थांबायला कंडक्टरला वेळ नसतो.

म्हणून ही गाडी. हिला क्लच नाही. डाव्या पायाने नुसतं बसून राहायचं, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं, आणि उजव्याने दोन पायडल सांभाळायचे. गिअर ती आपले आपण बदलते. केळीच्या मंडीमागच्या मैदानावर मी ती शिकले, ज्या वयात बायका जपमाळ शिकतात त्या वयात. शेजारी हे बसायचे, हँडब्रेकवर हात ठेवून. मी समोर बघायची, हे हँडब्रेककडे बघायचे. अजूनही शेजारी बसले की यांचा हात आपोआप तिथेच जातो. माझ्या गाडीचा हँडब्रेक माझ्यापेक्षा यांच्याच हाताने जास्त झिजलाय.

तर मागच्या थंडीत मी आक्काला डोळे दाखवायला देडतलाईहून बुरहानपूरला आणत होते. खकनारच्या अलीकडे जो चढ आहे तिथे गाडीने एक हिसका दिला. मग थोडी पुढे गेली आणि आणखी एक. मी आक्काकडे वळून सांगितलं, रस्ता खराब आहे.

"रस्ता नाही," ती म्हणाली. "मला ऐकू येत नाही, बसायला येतं. हिला उचकी लागली. कोण आठवण काढून राहिलं हिची?"

मी हसले. पण त्यानंतर मलाही ती उचकी जाणवायला लागली. सकाळी गाडी सुरू करून पुढच्या गिअरवर टाकली की एक धक्का, चढाला एक, आणि कधी काही कारण नसताना उगाच एक.

घरी सांगितलं. आमचे हे कागदाच्या मिलमध्ये होते. यांचे वडील महाराष्ट्रातून मिलच्या नोकरीसाठी इकडे आले, मग हेही त्याच मिलला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यामुळे जगातलं कुठलंही यंत्र यांना थोडंफार नात्यातलं वाटतं. मिलमध्ये यांचा एक नियम होता, चालू मशीनला हात लावायचा नाही. नियम चांगला आहे, माणसांची बोटं शाबूत राहतात. घरात मात्र यांनी तो बंद मशीनलाही लावला. आमचा मिक्सर बंद पडून किती दिवाळ्या झाल्या ते तुम्ही विचारू नका.

"गाडी चालतेय ना?" हे म्हणाले.

"चालतेय. उचक्या देत चालतेय."

"मग चालू दे. चालू मशीनला..."

"हात लावायचा नाही."

"आणि फारच त्रास देत असेल तर विकून टाकू. साधी गिअरची गाडी घेऊ. कोणताही मिस्त्री डोळे मिटून दुरुस्त करेल."

"आणि चालवेल कोण? माझा गुडघा?"

"मी आहे ना."

हे तीन शब्द मी लग्नापासून ऐकते आहे. ते खोटे नसतात. हे असतात, खरंच असतात. फक्त ज्या दिवशी देडतलाईला जायचं असेल त्या दिवशी ऊन जास्त असतं, किंवा ढग आलेले असतात, किंवा मागच्याच आठवड्यात तर जाऊन आलो ना, असं असतं. क्लचची गाडी दारात आली की माझं देडतलाई यांच्या मर्जीवर गेलं, हे मला त्याच वेळी स्वच्छ दिसलं. गुडघ्याची मर्जी सांभाळता सांभाळता पुरेवाट झालीय. त्यात आणखी एका मर्जीची भर नको होती.

म्हणून मी ठरवलं, गाडीची उचकी थांबवायची. आणि चौकशी सुरू केली.

चौकशी म्हणजे मी फक्त माझ्या धाकट्या भावाला सांगितलं. त्याची खकनारकडे केळी आणि कपाशी आहे, ट्रॅक्टर आहे, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल मत आहे. दुसऱ्याच दिवशी तो हातात प्लास्टिकचा डबा घेऊन दारात हजर.

"ताई, गिअरमधलं तेल जुनं झालंय. दुसरं काही नाही. हे घे, आपल्या ट्रॅक्टरचं उरलंय."

"ट्रॅक्टरचं तेल माझ्या गाडीला?"

"गिअर म्हणजे गिअर. तुझी गाडी काय वेगळ्या जातीची आहे?" मग यांच्याकडे बघून, "काय दाजी?"

साल्याने आणलेल्या फुकटच्या तेलाला विरोध कसा करावा आणि चालू मशीनला हात कसा लावू द्यावा, असा दाजींपुढे दुहेरी पेच. शेवटी म्हणाले, "चहा घे." मी डबा ठेवून घेतला, कारण भावाचं मन मोडवत नाही, आणि तो गेल्यावर त्यातलं तेल फाटकाच्या बिजागऱ्यांना घातलं. उत्तम तेल आहे. फाटक आता इतकं गुपचूप उघडतं की भाऊ कधी येऊन मागे उभा राहतो ते कळतसुद्धा नाही.

भावाचं एक म्हणणं मात्र डोक्यात राहिलं. तेल जुनं झालंय. पेट्रोल टाकायचं, इंजिनचं ऑइल बदलायचं, हे मला माहीत होतं. गिअरला वेगळं तेल असतं आणि या असल्या गाडीत तर तेच गिअर बदलण्याचं सगळं काम करतं, हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं ते बिचारं आत राबत होतं आणि त्याला कोणी विचारलं नव्हतं. असल्या गोष्टी बाईमाणसाला लवकर समजतात.

मग प्रश्न आला, ते बदलायचं कोणाकडून. यांनी मिलमधल्या एका जुन्या सोबत्याला फोन लावला. आता आमच्या घरात 'ऑटोमॅटिक' एवढा लांब शब्द कोणी म्हणत नाही. गाडी विकणाराही 'ऑटो'च म्हणत होता, आम्हीही 'ऑटो'च म्हणतो. यांनी विचारलं, "ऑटोच्या गिअरचं काम कोण चांगलं करतं?"

पलीकडून उत्तर आलं, "इतवारा के मिस्त्री के पास जाओ. पूरे शहर के ऑटो उसी के पास आते हैं."

आपल्या बुरहानपुरात इतक्या ऑटोमॅटिक गाड्या झाल्या हे ऐकून मला, खरं सांगते, जरा अभिमान वाटला.

इतवाऱ्यात गाडी घालणं म्हणजे सुईत दोरा नाही, दोरखंड ओवणं. एका बाजूला भाजीच्या हातगाड्या, दुसऱ्या बाजूला भांड्यांची दुकानं, मध्ये आम्ही, आणि आमच्यामध्ये हँडब्रेक. गल्लीच्या टोकाला दुकान सापडलं. बाहेर रांगेने रिक्षा उभ्या. एकीचं चाक काढलेलं, एकीचं पोट उघडलेलं. मला वाटलं, मिस्त्रीकडे गिऱ्हाईक रिक्षाने येत असतील.

ऑटोच्या गिअरचं काम आहे म्हटल्यावर मिस्त्री बाहेर आला, आमच्या गाडीच्या मागे जाऊन बघून आला, आणि म्हणाला, "अंकल, ऑटो कहाँ है?"

"हे काय," हे गाडीच्या टपावर हात ठेवून म्हणाले.

"ये तो कार है."

"ऑटो आहे."

"अंकल, कार है."

तेव्हा कुठे आम्हा दोघांच्या डोक्यात उजेड पडला. आता ऑटो म्हणजे तीनचाकी हे आम्हाला माहीत नव्हतं का? जन्मभर ऑटोत बसून बाजाराला गेलो. पण घरचा शब्द एकदा तोंडात बसला की गावाचा शब्द आठवत नाही. बिचाऱ्याला वाटलं होतं की आम्ही आमची रिक्षा बांधून ओढत आणलीय, म्हणून तो मागे जाऊन बघत होता.

मी म्हटलं, झालं, आता तो परत पाठवेल. पण नाही. त्याने दार उघडलं, वाकून पायडलांकडे बघितलं आणि चेहरा गंभीर केला.

"अम्मा, क्लच निकलवा दिया क्या?"

"आलाच नव्हता."

त्याने पुन्हा बघितलं. एकदा माझ्याकडे, एकदा पायडलांकडे. मग हात पुसत म्हणाला, "कोई बात नहीं. हो जाएगा."

हे 'हो जाएगा' नीट समजून घ्यायला हवं. यात फसवणूक मुळीच नसते. आमच्या गावातल्या माणसाला दारात आलेल्याला 'नाही जमणार' म्हणणं म्हणजे पाहुण्याला उपाशी घालवल्यासारखं वाटतं. शिंप्याला विचारा, ब्लाउज उद्या मिळेल? हो जाएगा. मांडव घालणाऱ्याला विचारा, एवढ्या जागेत सगळं गाव बसेल? हो जाएगा. होतं का? ते वेगळं. पण म्हणताना त्याच्या तोंडावर जी माया असते ती खरी असते. त्या मिस्त्रीने आम्हाला चहा पाजला, गल्लीतून गाडी मागे काढायला स्वतः हातगाड्या हलवल्या. रिक्षा असती तर मी त्याच्याकडेच दिली असती. पण जे यंत्र त्याने आयुष्यात उघडलेलं नाही त्याला तो मायेने उघडणार, हे मला नको होतं.

यांना मात्र पटलं होतं. "चांगला माणूस आहे," परत येताना म्हणाले.

"चांगला आहेच. क्लच शोधत होता."

मग राहिलं कंपनीचं सर्व्हिस सेंटर, हायवेला आहे ते. काचेची भिंत, आत गारठा, आणि गाडी आत गेली की ती कुठे गेली हे दिसू नये अशी व्यवस्था. समोर टायवाला मुलगा, त्याच्यासमोर स्क्रीन. मुलगा गोड होता. त्याने आधी खुर्ची दिली, मग पाणी, मग स्क्रीनवर माझ्या गाडीची कुंडली काढली.

"आंटीजी, गिअरबॉक्सचा फ्लुइड बदलायची गरज नाही. हा लाइफटाइम आहे."

तेलाला फ्लुइड म्हटलं की ते आपलं राहत नाही, हे मला तिथे कळलं. तेलाबद्दल मी चार गोष्टी बोलू शकते. फ्लुइडबद्दल काय बोलणार? तरी मी विचारलं, "लाइफटाइम म्हणजे जन्मभर ना? कोणाच्या जन्मभर?"

"गाडीच्या, आंटीजी."

"गाडीचा जन्म किती?"

"गिअरबॉक्स चांगला राहील तोवर."

"आणि गिअरबॉक्स कधीपर्यंत चांगला राहील?"

त्याने स्क्रीनकडे बघितलं. "फ्लुइड चांगला असेल तोवर."

हे शेजारी मान डोलावत होते, सगळं समजल्यासारखी. मीही डोलावली. गोल फिरून जिथून निघालो तिथेच आलो होतो, पण गारठ्यात बसून आलो होतो.

परत येताना हे खुशीत. "बघ. जन्मभराचं तेल. मी सांगत होतो, हात लावायचा नाही." त्या खुशीत मावा जिलेबी घेऊ म्हणाले. दुकानासमोर गाडी थांबवली. हे उतरले, कढईत डोकावले आणि तसेच परत आले.

"पुढच्या दुकानात चल. याचं तेल काळं झालंय. असलं खाल्लं की मला घशाशी येतं."

मी गाडी पुढच्या दुकानाकडे नेली आणि एक शब्द बोलले नाही. म्हणजे बोलले, पण जिलेबी संपल्यावर. "माझ्या कढईतलं तेल दुसऱ्या सणाला काढलं तर तुम्ही ताट सरकवता. गाडीचं मात्र जन्मभर चालतं." हे म्हणाले, गाडीत भजी तळत नाहीत. हाही मुद्दा होताच.

आणि मग त्या गुरुवारी ते झालं. माझा देडतलाईचा वार गुरुवार. त्या दिवशी जाऊन परत येत होते, एकटी. त्याच चढावर मी पायडल दाबलं तर इंजिनचा आवाज वाढला आणि गाडी जागची हलेना. आवाज आणखी वाढला. मागे केळीने भरलेला ट्रक, त्याचा हॉर्न माझ्या मानेवर. गाडी मागे सरकायला लागली असं मला वाटलं. सरकली की नाही देव जाणे, मी स्टिअरिंग गच्च धरलं. मग एकदम धाडकन काहीतरी पकडलं आणि गाडी उडी मारून पुढे गेली. घरापर्यंत मी जीव मुठीत धरून आले.

यांना सांगितलं. सांगायला नको होतं. हे काही रागावले नाहीत, रागावले असते तर बरं. यांनी शांतपणे भावाला फोन केला. भावाकडे सगळ्याचं गिऱ्हाईक असतं तसं गाडीचंही होतं. खकनारचा एक माणूस रविवारी येऊन गाडी बघणार असं ठरलं. शुक्रवारी सकाळी बघते तर हे गाडी पुसत होते. घेतल्यापासून यांनी त्या गाडीला फडकं लावलेलं मी बघितलं नव्हतं. विकायची म्हटल्यावर आरशांसकट लखलखीत केली.

मी ओट्यावर बसून बघत होते आणि मला आक्काचा ओटा दिसत होता. दर गुरुवारी आक्का बाहेर खुर्ची टाकून बसते. गाडीचा आवाज तिला येत नाही, मी आले तर कळणार कसं, म्हणून जेवण झाल्यापासून ती रस्त्याकडे नजर लावून असते. मध्ये कोणी बोलायला आलं तर त्याला बाजूला हो म्हणते, रस्ता दिसत नाही. हे तिच्या सुनेने मला सांगितलं. आक्का स्वतः म्हणते, घरात उकडतं म्हणून बसते. थंडीतही तिला घरात उकडतं.

शनिवारी मी किल्ली उचलली. "कुठे?" हे म्हणाले. "सर्व्हिस सेंटरला." "कशाला? त्यांनी सांगितलं ना." "सांगितलं ते समजलं नाही म्हणून." हे सोबत आले, मी काही वेडेपणा करीन तर हाताशी हँडब्रेक असावा म्हणून.

तोच टायवाला मुलगा. खुर्ची, पाणी, स्क्रीन.

मी म्हटलं, "बाळा, स्क्रीन राहू दे. मला एवढंच सांग. हे जे जन्मभराचं तेल आहे, ते स्वच्छ आहे की काळं झालंय, हे कोणी आत बघितलंय का?"

"नाही, आंटीजी. त्याची गरज..."

"गरजेचं नंतर. बघता येतं का?"

"हो जा..." तो म्हणायला लागला आणि थांबला. त्याने स्क्रीनवर वरखाली काहीतरी केलं. तिथे लाइफटाइम लिहिलेलं होतं, दुसरं काही नव्हतं. मग तो हळूच, शेजारच्या टेबलवाल्याला ऐकू जाऊ नये असं म्हणाला, "आंटीजी, सच बोलूँ? मुझे नहीं मालूम. असल्या गाडीचं हे काम मी इथे कधी होताना बघितलं नाही. विचारून सांगतो."

मी किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली.

यांनी मला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे कॉफीच्या मशीनजवळ, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अगं, ज्याला माहीत नाही त्याच्या हातात गाडी देतेस?"

"ज्यांना माहीत होतं त्या सगळ्यांना विचारून झालं," मी म्हटलं.

हे मशीनकडे बघत राहिले. चालू होतं, म्हणून हात लावला नाही.

त्या मुलाने इंदूरच्या कुठल्यातरी मोठ्या वर्कशॉपला फोन लावला, मग आणखी कोणाला, मग आतून एका माणसाला बोलावून गाडीखाली पाठवलं. आम्ही बसलो. बऱ्याच वेळाने आला, तर टाय जरा ढिला झालेला. म्हणाला, तेल बदलता येतं. खालून काढायला बोल्ट आहे. पण या गाडीला एकाच नंबरचं तेल चालतं, ते लाल असतं, पण दुसरं लाल दिसलं म्हणून घालायचं नाही, आणि ते इथे ठेवत नाहीत, मागवावं लागेल. जुन्या गाडीचं सगळं एकदम मशीनने धुऊन काढू नका असं इंदूरवाले म्हणाले, जेवढं खालून निघतं तेवढं काढून नवं भरायचं, मग गाडी गरम करून मोजायचं. तोवर गाडी चालवू नका.

"आणि उचकी थांबेल?"

"ते सांगता येत नाही, आंटीजी. कदाचित उशीर झाला असेल."

दुसऱ्यांदा त्याने नाही म्हटलं आणि माझा त्याच्यावरचा भरवसा आणखी वाढला. त्याने कागद पुढे ओढला. "तक्रार काय लिहू?"

"उचकी."

"हिचकी?"

"तेच. लिही."

हे खिडकीबाहेर बघायला लागले. मुलाने मात्र इंग्रजी अक्षरांत नीट 'हिचकी' लिहिलं आणि खाली माझी सही घेतली.

रविवारी गिऱ्हाईक आलं. गाडी सर्व्हिस सेंटरला, दारात गाडीची जागा तेवढी झाडलेली. त्याने ती जागा बघितली, पोहे खाल्ले आणि गेला. फाटक आवाज न करता मिटलं. भाऊ चिडला. "ताई, माणूस एवढ्या लांबून फुकट आला."

"फुकट कसा? दोनदा पोहे घेतले त्यानं."

तेल यायला वेळ लागला. मधला एक गुरुवार तसाच गेला. त्या दिवशी मी सुनेकरवी निरोप पाठवला, आज जमणार नाही. सून म्हणाली, सांगितलं, कागदावर लिहूनही दाखवलं, तरी खुर्ची टाकून बसल्याच आहेत. म्हणतात घरात उकडतं.

काम झालं तेव्हा त्या मुलाने फोन करून बोलावलं. मी आधीच बजावून ठेवलं होतं की काढलेलं तेल टाकू नका, मला बघायचंय. त्याने एका बरणीत नवं दाखवलं, कुंकवाच्या पाण्यासारखं लाल, आणि दुसरीत जुनं. जुनं काळं. मी झाकण काढून नाकाशी धरलं. ज्या बाईने सणाच्या दिवशी शेवटचा घाणा काढून झाल्यावर कढई उतरवलीय तिला त्या वासाबद्दल कोणी काही सांगायला नको. जळकं होतं. मी बरणी यांच्यापुढे केली. यांनी वास घेतला आणि मान मागे नेली.

"घशाशी आलं का?" मी विचारलं.

यांनी त्या मुलाला विचारलं, "पुन्हा कधी बदलायचं?" मुलगा म्हणाला, विचारून सांगतो.

पुढच्या गुरुवारी हेही सोबत निघाले. सकाळी गाडी सुरू करताना एक बारीकसा धक्का बसला. यांनी माझ्याकडे बघितलं, मी रस्त्याकडे. खकनारजवळचा तो चढ जातानाही दुसऱ्या बाजूने चढावाच लागतो, तिथे मी स्टिअरिंग पुन्हा गच्च धरलं. गाडी मात्र काही न बोलता चढून गेली. वर पोचल्यावर मी मोठा श्वास सोडला, तर शेजारूनही एक सुटला. यांनी खोकल्यासारखं केलं.

आक्का खुर्चीवर होती. गाडी दिसताच उठली नाही, उलट दुसरीकडेच बघायला लागली. मागच्या गुरुवारचा राग होता. मग मीच उतरून तिला म्हटलं, चल, बाजारात चक्कर मारू. ती पुढे बसली. हे मागे गेले, जिथून हँडब्रेकपर्यंत हात पोचत नाही.

निघालो. आक्काने पुढच्या फळीवर, डॅशबोर्डवर, तळवा ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि बराच वेळ ठेवून बसली.

"उचकी थांबली," ती म्हणाली.

"तेल बदललं," मी म्हटलं.

"हो हो, चांगलं झालं."

ऐकू आलं नव्हतं. बोलताना तोंड तिच्याकडे करावं लागतं आणि चालवताना तोंड रस्त्याकडे. हा पेच कुठल्याही तेलाने सुटत नाही. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "मग कोण गं आठवण काढत होतं हिची, कळलं का?"

मी गाडी बाजूला घेतली, थांबवली, तोंड तिच्याकडे केलं आणि सावकाश म्हटलं, "तू."

तिने माझ्या ओठांकडे बघितलं. मग चष्मा पुसायला काढला. मागून हे म्हणाले, "अगं, चांगली चालू गाडी मध्येच कशाला थांबवली?"